शेवटच्या मालकाचं काय?

वस्तू कधी मरते, असा प्रश्न आपल्या पणजीला कोणी विचारला असता, तर तिने आधी विचारणाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं असतं. वस्तू फुटते, झिजते, गंजते, चोरीला जाते. घागर गळायला लागली की डाख लावून आणायची. कल्हई उडाली की कल्हईवाला येईपर्यंत वाट पाहायची. लुगडं विरलं की त्याची गोधडी, गोधडी विरली की पायपुसणं. यात मरण्याचा प्रश्न येतोच कुठे?

आपल्या पिढीकडे मात्र अशा वस्तू आहेत ज्या फुटत नाहीत, झिजत नाहीत, आणि तरी एका ठरलेल्या तारखेला संपतात. ती तारीख वस्तूच्या अंगावर कुठे लिहिलेली नसते. ती कुठल्यातरी दूरच्या ऑफिसातल्या मीटिंगमध्ये ठरते आणि आपल्याला बऱ्याच उशिरा कळते, स्क्रीनवर आलेल्या एका सभ्य ओळीतून. मला पडलेला प्रश्न असा आहे: वस्तू संपली, हे ठरवायचा अधिकार कोणाचा? बनवणाऱ्याचा, विकत घेणाऱ्याचा, की आज ती जिच्या हातात आहे तिचा?

*

माझ्याकडे असा एक टॅब आहे. सात इंची, २०१३ साली घेतलेला. कंपनीचं नाव सांगण्यात अर्थ नाही. तुमच्या कपाटाच्या तळाशी जो पडलाय त्याची कंपनी वेगळी असेल, कहाणी बहुतेक हीच असेल. त्याची काच अजून धड आहे, स्पीकर खणखणीत आहेत, अक्षरं स्वच्छ दिसतात. २०१६मध्ये त्याला शेवटचा अपडेट आला. पुढे कंपनीने टॅब बनवणंच बंद केलं. तिच्या वेबसाइटवरून आधी त्या मॉडेलची जाहिरात गेली, मग मॅन्युअल गेलं, मग नावही गेलं. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं, तेव्हा सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने कम्प्युटरमध्ये पाहून सांगितलं, "मॅडम, हे मॉडेल सिस्टिममध्येच नाहीये." टॅब त्याच्या समोर काउंटरवर होता.

बॅटरी शेवटी पुण्यातच, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत बदलून मिळाली. दुकानदाराने जुन्या बॅटरीची लांबी, रुंदी, जाडी मोजली, तेवढ्याच मापाची दुसरी शोधली, जुनीवरची सर्किटची पट्टी काढून नवीला जोडली आणि अर्ध्या तासात टॅब चालू करून दिला. सिस्टिममध्ये नसलेली वस्तू त्याच्यासाठी होती, कारण ती त्याच्या हातात होती.

हार्डवेअरचं दुखणं असं गल्लीत बरं होतं. सॉफ्टवेअरचं होत नाही. बँकेचं ॲप गेलं, पेपरचं गेलं, व्हिडिओ कॉलचं गेलं. प्रत्येकाने जाताना 'हे ॲप आता तुमच्या डिव्हाइसवर चालणार नाही' अशा अर्थाची ओळ दाखवली. आज हा टॅब दोनच कामं नीट करतो. मेमरी कार्डावरची पुस्तकं दाखवतो आणि पहाटे रियाजाला तानपुरा लावतो. तानपुऱ्याचं ते ॲप ज्याने बनवलं, त्याने ते स्टोअरवरून केव्हाच काढून टाकलंय. पण चालू होताना ते कोणालाच काही विचारत नाही, म्हणून अजून सुरात आहे.

विचारणाऱ्या वस्तू आणि न विचारणाऱ्या वस्तू, हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे.

*

बंद पडलेल्या टॅबची सगळ्यात गाजलेली कहाणी २०११ची आहे. एचपी या अमेरिकन कंपनीने २०१०मध्ये पाम ही कंपनी सुमारे १.२ अब्ज डॉलर मोजून विकत घेतली. पामची वेबओएस नावाची ऑपरेटिंग सिस्टिम होती. तिच्यावर चालणारा टचपॅड हा टॅब १ जुलै २०११ रोजी अमेरिकेत विक्रीला आला. किंमत ४९९ डॉलरपासून पुढे. १८ ऑगस्टला कंपनीने जाहीर केलं की हा धंदा आम्ही बंद करतोय. मध्ये गेले ४९ दिवस. आपल्याकडे बाळंतिणीचा सव्वा महिना उलटतो न उलटतो, तोच या बाळाचा कारभार आटोपला.

खरी गंमत त्यानंतरची आहे. उरलेला माल ९९ डॉलरला काढला आणि लोक त्यावर तुटून पडले. सगळ्यांना माहीत होतं की ही वस्तू पोरकी आहे. तरी घेतली. मग जगभरातल्या हौशी प्रोग्रॅमर मंडळींनी त्याच वर्षी तिच्यावर अँड्रॉइड चालवून दाखवलं आणि पुढची अनेक वर्षं नव्या नव्या आवृत्त्या बसवत राहिले. वेबओएस स्वतः २०१३मध्ये एलजीकडे गेली आणि टीव्हीत जाऊन बसली. तुमच्या घरात एलजीचा स्मार्ट टीव्ही असेल, तर त्या टॅबचा आत्मा तुमच्या हॉलमध्ये भिंतीवर असण्याची शक्यता बरीच आहे. जानेवारी २०१५मध्ये एचपीने वेबओएसचे सर्व्हरही बंद केले. तोवर काही लोकांनी ॲप्स जपून ठेवायला सुरुवात केली होती. ४९ दिवसांत टाकून दिलेला टॅब असा वर्षानुवर्षं चालला.

हे शक्य झालं, कारण त्या वस्तूचं दार उघडं होतं. वेबओएसमध्ये एक ठरावीक शब्द टाइप केला की कोणालाही आत जाऊन बदल करता येत. तो शब्दही जुन्या व्हिडिओ गेममधल्या प्रसिद्ध बटणक्रमावरून घेतलेला, वर-वर-खाली-खाली असा. कंपनीने साथ सोडली, पण जाताना कुलूप लावलं नाही.

आता याच्या उलट गोष्ट. रिव्हॉल्व्ह नावाचा एक छोटा हब अमेरिकेत मिळायचा. घरातले दिवे, कुलपं, सेन्सर एकाच जागेवरून चालवणारा. किंमत सुमारे ३०० डॉलर. २०१४मध्ये ती कंपनी गूगलच्या मालकीच्या नेस्टने घेतली आणि १५ मे २०१६ रोजी त्याचा सर्व्हर बंद केला. त्या दिवशी हब बिघडला नाही. त्यातली एकही तार तुटली नाही. तो रोज ज्याला विचारून चालायचा, तो उत्तर देईनासा झाला. सकाळी उठून लोकांनी पाहिलं, तर टेबलावर प्लॅस्टिकचा एक सुंदर डबा होता.

दोन्ही कंपन्यांनी एकच गोष्ट केली, वस्तू बंद केली. तरी मला पहिली फक्त बेफिकिरी वाटते आणि दुसरी अन्याय वाटतो. असं का, ते समजून घ्यायला मला दोन हजार वर्षं मागे जावं लागलं.

*

छत्रपती संभाजीनगरच्या नागसेनवनात मिलिंद महाविद्यालय आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं. ही दोन्ही नावं एका संवादातून आली आहेत. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद आणि बौद्ध भिक्खू नागसेन यांचा तो संवाद 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहे. राजा नागसेनाला विचारतो, नागसेन म्हणजे नक्की कोण? केस, नखं, दात, की आणखी काही? नागसेन उलट विचारतो, महाराज, आपण आलात कसे? रथातून. मग रथ म्हणजे काय? दांडा? नाही. आस? नाही. चाकं? नाही. मग रथ आहे कुठे? शेवटी राजाच म्हणतो की हे सगळे भाग एकत्र आले की त्या जुळणीला रथ असं नाव देतात. नागसेन म्हणतो, बरोबर, माझंही तसंच आहे.

हा दाखला बहुतेक वेळा आत्म्याच्या चर्चेत येतो. मी तो टॅबसमोर धरून पाहिला. टॅब म्हणजे काच? नाही. बॅटरी? ती तर मी बदलली. चिप? तीही एकटी टॅब नाही. मग आणखी कोणते भाग आहेत? ॲपचं स्टोअर. माझं खातं तपासणारा सर्व्हर. नव्या सॉफ्टवेअरवर कंपनीने करायची डिजिटल सही, जिच्याशिवाय अनेक टॅब दुसरं काही आत घेतच नाहीत. हेही भागच आहेत, कारण हे काढले तर उरतो तो डबा.

मिलिंद राजाच्या काळी रथाचे सगळे भाग रथापाशीच असायचे. राजाने रथ घेतला की चाक, आस, दांडा सगळं त्याच्या पागेत. आज आपण रथ घेतो आणि त्याचं एक चाक विकणाऱ्याच्या घरी असतं. रस्त्यावर ते दिसत नाही, कारण ते फिरत असतं. ज्या दिवशी तो फिरवणं थांबवतो, त्या दिवशी कळतं की आपण तीन चाकांचे पैसे देऊन चौथ्याच्या भरवशावर चाललो होतो.

यातून जबाबदारीचा एक साधा नियम निघतो असं मला वाटतं. कुंभार मडकं विकतो आणि मोकळा होतो. दोन वर्षांनी ते फुटलं तर त्याच्याकडे जाऊन भांडता येत नाही. पण समजा त्याने मडकं विकलं आणि झाकण आपल्याकडे ठेवलं, म्हणाला, लागेल तेव्हा या, मी झाकून देत जाईन. आता तो मोकळा झाला का? नाही. वस्तूचा जो भाग त्याने स्वतःकडे ठेवला, त्याची जबाबदारी त्याच्याकडेच राहिली. आणि ही जबाबदारी पैसे देणाऱ्या पहिल्या गिऱ्हाइकापुरती नाही. मडकं पुढे ज्याच्या घरी गेलं, झाकण नसल्याने अडतं ते त्याचं. कुंभाराला यातून सुटायचं असेल तर रस्ता सोपा आहे. झाकण देऊन टाकावं.

टचपॅडच्या बाबतीत झाकण निदान लोकांना उचलता येण्यासारखं होतं. रिव्हॉल्व्हच्या बाबतीत ते कपाटात बंद राहिलं.

*

माझी एक मैत्रीण हिंजवडीत ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. तिला मी हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "अगं, तुला वाटतं आम्ही मुद्दाम करतो? जुन्या व्हर्जनला नवीन सुरक्षेची साधनंच नसतात. प्रत्येक बदल त्या जुन्या डबड्यांवर तपासून पाहायचा तर माणसं लागतात, वेळ लागतो. शंभरातल्या एका युजरसाठी नव्याण्णव जणांचं काम थांबवायचं का? आणि उद्या त्या जुन्या टॅबवरून कोणाचे पैसे गेले तर पहिला फोन आम्हालाच."

तिचं म्हणणं खोटं नाही. जुनं सॉफ्टवेअर खरोखर धोक्याचं असतं. त्यातल्या ज्या फटी जगाला माहीत झाल्या, त्या बुजवायला कोणी येणार नसतं. म्हणून या टॅबवरून मी पैशांचा एकही व्यवहार करत नाही आणि कोणी करू नये. कुठल्याही कंपनीने २०१३च्या टॅबला २०४०पर्यंत अपडेट द्यावेत, असंही माझं म्हणणं नाही. माणसं थकतात, धंदे बुडतात, कधीतरी थांबावं लागतंच.

पण तिच्या बोलण्यातला 'शंभरातला एक' मला खटकला. तो एक कोण असतो, हे आकड्यात दिसत नाही.

२०२०च्या जूनमध्ये शाळा ऑनलाइन सुरू झाल्या, तेव्हा आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींची मुलगी आठवीत होती. घरात स्मार्टफोन एकच, तो वडिलांबरोबर कामावर जायचा. मी हा टॅब तिला दिला. वर्गाचं ॲप त्यावर बसलं नाही. जुनी आवृत्ती शोधून बसवली, तर ती चालू होऊन म्हणाली, आधी अपडेट करा. अपडेट म्हणालं, या डिव्हाइसला नाही. दोन दारं, आणि दोन्ही एकमेकांकडे बोट दाखवणारी. मग आम्ही बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये उतरवून मेमरी कार्डावर टाकली, बाई पाठवायच्या त्या नोट्सही टाकल्या. वर्गासाठी ती संध्याकाळी वडील आल्यावर रेकॉर्डिंग बघायची. दोन वर्षं तो टॅब त्यांच्या घरी होता. परत द्यायला आली तेव्हा चार्जरची वायर नीट गुंडाळलेली होती, आणि ती म्हणाली, "ताई, वर्ग सोडून बाकी सगळं चालतं याच्यात."

वर्ग सोडून बाकी सगळं. अपडेट बंद करण्याच्या निर्णयाचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

वस्तूंचा प्रवास बघा. नवा टॅब घेते ती व्यक्ती दोन-तीन वर्षांनी दुसरा घेते. पहिला घरातल्या मुलांकडे किंवा आजीकडे जातो. तिथून कामवाल्या बाईंकडे, वॉचमनकाकांकडे, गावाकडच्या पुतण्याकडे, किंवा जुन्या बाजारात. म्हणजे कंपनी जेव्हा हात काढून घेते, तेव्हा तिला पैसे दिलेला माणूस तिथे नसतोच. तो नव्या मॉडेलवर असतो. निर्माता वचन देतो पहिल्या गिऱ्हाइकाला आणि ते मोडतं शेवटच्या माणसापाशी. त्या माणसाकडे बिल नसतं, वॉरंटी कार्ड नसतं, तक्रार करायला भाषाही बऱ्याचदा नसते. मैत्रिणीच्या आलेखात तो शंभरातला एक असतो, पण त्याच्या घरात तो टॅब शंभर टक्के असतो.

पणजीच्या काळात हीच उतरंड होती, पण ती माणसांना धरून ठेवायची. बोहारीण जुने कपडे घेऊन भांडं द्यायची, आणि ते कपडे पुढे आणखी कोणाच्या अंगावर जायचे. हे चालायचं, कारण जुनी साडी कितव्या हातात आहे हे साडीला कळत नसे. चौथ्या बाईच्या अंगावरही ती अंग झाकायचीच. आपल्या वस्तूंना मात्र कळतं की आपण कितव्या वर्षी आहोत, आणि उतरंडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर त्या पाठ फिरवतात.

*

याला इलाज नाही असं म्हणणाऱ्यांसाठी एक खरी गोष्ट. ती मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, आणि ती फारशी कोणाला माहीत नाही.

आपण एखादी वेबसाइट उघडतो तेव्हा ती एक प्रमाणपत्र दाखवते. ते खरं की खोटं, हे आपलं यंत्र कसं ठरवतं? त्याच्या आत विश्वासू संस्थांची यादी असते. गावात नवा माणूस आला की एखादा जुना माणूस म्हणतो, हा आपला आहे, तसंच. पण जुन्या यंत्रांतली यादी बहुधा त्यांच्या शेवटच्या अपडेटच्या दिवशी गोठलेली असते. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था कोट्यवधी वेबसाइटना फुकट प्रमाणपत्रं देते. ती नवी असल्याने अँड्रॉइड ७.१.१च्या आधीच्या यादीत तिचं नाव नव्हतं. एक जुनी संस्था तिची ओळख देत होती, म्हणून काम चाललं होतं. त्या ओळखीची मुदत सप्टेंबर २०२१मध्ये संपणार होती. २०२०च्या शेवटी त्यांनी पाहिलं, तर सुमारे एक-तृतीयांश अँड्रॉइड यंत्रं अजून जुन्या आवृत्तीवर होती. मुदत संपली की या सगळ्यांसाठी इंटरनेटचा मोठा भाग बंद.

'नवीन फोन घ्या' म्हणून हात झटकणं सोपं होतं. त्यांनी एक बारीक गोष्ट हेरली. अँड्रॉइड आपल्या यादीतल्या मूळ नावांची मुदत तपासत नाही. मग जुन्या संस्थेकडून त्यांनी एक नवी सही करून घेतली, जी मूळ मुदतीच्या पलीकडे तीन वर्षं चालेल. अशा रीतीने जुन्या यंत्रांना सप्टेंबर २०२४पर्यंत वाट मोकळी राहिली. आमचा टॅब मावशींच्या घरी होता तो सगळा काळ यात येतो. ती मुलगी अधूनमधून विज्ञानाची एखादी साइट उघडायची, आणि ती उघडायची. तिला लेट्स एन्क्रिप्ट हे नाव माहीत नाही, त्यांना ती माहीत नाही. तरी कोणीतरी एका टेबलाभोवती बसून शेवटच्या माणसाचा विचार केला होता.

यात मला नीतीचा एक अख्खा धडा दिसतो. कायम साथ द्या, असं कोणी म्हटलं नाही. तीन वर्षांनी तेही थांबले. पण थांबण्याआधी ओळीत शेवटी कोण उभं आहे हे त्यांनी मागे वळून पाहिलं.

*

कायदाही हळूहळू मागे वळून पाहायला शिकतोय. युरोपीय संघात २० जून २०२५पासून स्मार्टफोन आणि टॅबसाठी नवे नियम लागू झाले. विक्री थांबल्यानंतर सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि किमान पाच वर्षं सॉफ्टवेअरचे अपडेट. मला यातला मोजमापाचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. ही वर्षं मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजायची नाहीत. त्या मॉडेलची विक्री जिथे संपते तिथून मोजायची. म्हणजे शेवटी घेणाराही हिशेबात धरला आहे.

आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक पोर्टल सुरू केलं. २०२२चे ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत. वस्तू कचऱ्यात गेल्यावर तिच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी ते उत्पादकावर टाकतात. हे चांगलंच आहे. पण यात वस्तूच्या अंत्यसंस्काराची सोय होते, आयुष्याची होत नाही. फोन किंवा टॅब त्याच्या आयुष्यात जेवढं प्रदूषण करतो, त्यातला मोठा वाटा तो बनतानाचा असतो. म्हणजे तो झालेला आहेच. चालता टॅब फेकून नवा घेतल्याने तो परत येत नाही, दुसऱ्यांदा होतो.

मैत्रिणीला मी झाकणाचा नियम सांगितला. साथ द्या, नाहीतर झाकण देऊन टाका. ती विचार करून म्हणाली, "झाकण आमचं एकट्याचं असतं तर ना. चिप बनवणाऱ्याचं सॉफ्टवेअर वेगळं, कॅमेऱ्याचं वेगळं. ते उघड करायचा हक्क आम्हाला नसतो." हे खरं आहे, आणि हौशी मंडळींचं काम बऱ्याचदा याच ठिकाणी अडतं. पण माणूस मृत्युपत्र मेल्यावर करत नाही. टॅब बनवताना चिपवाल्याशी करार होतोच. आम्ही थांबलो की हे उघडं होईल, एवढी एक ओळ त्या कराराच्या दिवशी घालता येते. थांबायच्या दिवशी 'आता हातात काही नाही' म्हणणाऱ्याच्या हातात पहिल्या दिवशी बरंच काही होतं.

ती यावर हसली. "आमच्या मीटिंगला येशील का?" म्हणाली.

*

कंपनीला धरून बोलणं आपल्याला सोयीचं असतं. पण झाकणाचा नियम खरा असेल, तर तो आपल्यालाही लागू होतो.

तुम्ही हा लेख बहुधा फोनवर वाचताय. या फोनचा एक शेवटचा मालक असणार आहे. कदाचित आठवीतली एखादी मुलगी, कदाचित गावाकडचा कोणी आजोबा, ज्याला फक्त कीर्तनं ऐकायची आहेत. ती व्यक्ती तुम्हाला ठाऊक नाही आणि तुम्ही तिला. आणि त्या फोनचं एक चाक आज तुमच्याही घरी आहे. साधी गोष्ट बघा. अँड्रॉइड ५.१पासून चोरांना आळा बसावा म्हणून एक सोय आली. फोनमधून खातं न काढता तो दुसऱ्या वाटेने रीसेट केला, तर चालू होताना तो आधीच्या मालकाचाच पासवर्ड मागतो. जुन्या बाजारात, दुरुस्तीच्या दुकानांत असे कितीतरी धडधाकट फोन पडून असतात. ते कोणी चोरलेले असतातच असं नाही. कोणीतरी प्रेमाने देऊन टाकलेले असतात, किल्ली स्वतःकडे ठेवून.

मी आता कुठलंही यंत्र घेताना दुकानदाराला एक प्रश्न विचारते: याची कंपनी बंद पडली तर हे काय काय करू शकेल? बहुतेकांना उत्तर येत नाही, काही जण वैतागतात. एकाने मात्र डबा उघडून, इंटरनेट बंद करून मला यंत्र चालवून दाखवलं. जे चाललं नाही तेही दाखवलं. मी त्याच्याकडूनच घेतलं.

आणि घरातून एखादी वस्तू पुढे देताना दहा मिनिटं काढते. खातं काढायचं, कुलूप काढायचं, आधीचे फोटो पुसायचे, इंटरनेटशिवाय चालतील अशी चार कामाची ॲप्स ठेवायची, चार्जर शोधून बरोबर द्यायचा. त्या वस्तूला अजून किती वर्षं आहेत ते मला माहीत नाही. पण ती ज्या हातात संपेल, तिथे तिला माझी परवानगी विचारावी लागू नये.